दोन संगणकांची थेट जोडणी : दोषशोधन

मध्ये राउटर किंवा स्विच (अनेक संगणकांच्या केबली एकत्र जोडणारी पेटी) न ठेवता दोन संगणकांची नेटवर्क पोर्ट एकाच केबलने जोडणे म्हणजे थेट जोडणी. जुन्या संगणकातला सगळा डेटा नव्यावर न्यायचा असला की हा मार्ग आठवतो. दोन्हीकडे गिगाबिट, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिटची पोर्ट असल्यास वेगाची मर्यादा सेकंदाला १२५ मेगाबाइट असते. रचना साधी, तरी ती अडते; कारण राउटर एरवी मुकाट्याने आयपी पत्ते (नेटवर्कवर संगणक ओळखण्याचे आकडे) वाटतो, ते काम इथे कोणीच करत नाही.

दोष शोधताना खालून वर यावे : तार, पत्ता, फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा प्रोग्राम) आणि शेवटी परवानगी. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. फोल्डर दिसत नाही म्हणून तासभर शेअरिंगची सेटिंग्ज चाळतात आणि प्लगच नीट बसलेला नसतो.

पोर्टचा दिवा लागत नसेल तर तारेपलीकडे काही पाहू नये. १० आणि १०० मेगाबिटच्या पोर्टमध्ये १ व २ क्रमांकाच्या पिना पाठवतात, ३ व ६ घेतात. सरळ केबलने दोन संगणक जोडले की पाठवणाऱ्यासमोर पाठवणाराच येतो. म्हणून पूर्वी एका टोकाला टी५६८ए आणि दुसऱ्याला टी५६८बी अशी तारांची मांडणी असलेली क्रॉसओव्हर केबल लागे. १९९९ च्या गिगाबिट मानकानंतर आलेली पोर्ट ही अदलाबदल सहसा स्वतःच करतात आणि दोहोंपैकी एक पोर्ट तसे असले तरी पुरते. दिवा लागतो, पण वेग १०० मेगाबिटवरच अडकतो, अशा वेळी केबल बदलून पाहावी. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच. त्यामुळे तुटकी केबलही कमी वेगात चालू राहते.

पत्ता देणारे कोणी नसल्याने विंडोज थोडा वेळ वाट पाहून १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेते. एरवी बिघाडाची खूण असलेला हा आकडा इथे मात्र बिघाड नव्हे. दोघांकडे तसेच पत्ते असले तर ते एकमेकांशी बोलू शकतात. एकाला हाताने पत्ता दिला आणि दुसरा आपोआप घेतलेल्यावर राहिला, की संवाद तुटतो. त्यापेक्षा एकाला १९२.१६८.१०.१, दुसऱ्याला १९२.१६८.१०.२ आणि दोघांना सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग दोघांत समान आहे ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.० द्यावा. गेटवेची, म्हणजे बाहेरच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या राउटरच्या पत्त्याची जागा रिकामी ठेवावी. वायफायही चालू असेल तर त्याची आणि केबलची पत्त्यांची मालिका वेगळी हवी, नाहीतर डेटाची पॅकेट वायफायच्या वाटेने जाऊ शकतात.

मग दोन्ही बाजूंनी पिंग करावे, म्हणजे समोरच्या पत्त्यावर छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहावे. एकीकडून उत्तर येते आणि दुसरीकडून येत नाही, तर तार आणि पत्ते ठीक आहेत. उत्तर न देणाऱ्या संगणकाच्या फायरवॉलवर संशय घ्यावा. २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून विंडोजमध्ये तो मुळातच चालू असतो आणि अनोळखी जोडणीला 'सार्वजनिक' मानून जास्तच कडक वागतो. दोन्ही बाजू गप्प असल्या तर पिंगनंतर लगेच एआरपीची यादी, म्हणजे कोणता आयपी पत्ता कोणत्या नेटवर्क कार्डाचा आहे याची संगणकाने ठेवलेली नोंद, पाहावी. या चाचणीचा उल्लेख फारसा होत नाही, पण ती फार कामाची आहे. समोरच्या पत्त्यापुढे अंक-अक्षरांच्या सहा जोड्यांचा हार्डवेअर पत्ता दिसला, तर पिंगला उत्तर नसले तरी केबल निर्दोष आहे. फायरवॉल पूर्ण बंद करणे चाचणीपुरते, तेही वायफाय बंद ठेवून. कायमसाठी जोडणीचा प्रकार 'खाजगी' करावा.

पिंग चालते आणि फोल्डर उघडत नाही, तेव्हा प्रश्न परवानगीचा उरतो. पासवर्ड नसलेल्या खात्याने विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही आणि लॉगिनचा पिनही तिथे चालत नाही. खात्याचा खरा पासवर्डच लागतो. नेटवर्कच्या यादीत समोरच्या संगणकाचे नाव आले नाही तरी बिघडत नाही, फाइल एक्स्प्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश देऊन त्याचा आयपी पत्ता टाकावा.