कांद्याची निर्यातबंदी आणि खळ्यावरची रोजंदारी: मागचा सगळा इतिहास

निर्यातबंदी आली की बातम्यांमध्ये दोनच माणसं दिसतात, एक रस्त्यावर कांदा ओतणारा शेतकरी आणि दुसरी दिल्लीत भाजी घेताना भावावरून वैतागलेली बाई. दोघांचंही दुःख खरंच आहे. पण ह्या दोघांच्या मधे आमच्या नाशिक जिल्ह्यात लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंत, उमराणे ह्या पट्ट्यात खळ्यांवर, म्हणजे व्यापाऱ्यांच्या कांदा उतरवायच्या जागांवर, रोजंदारीने कांदा निवडणारे, गोणी भरणारे, शिवणारे, गाडी लोड करणारे हजारो लोक आहेत, आणि दिल्लीतल्या एका नोटिफिकेशनने त्यांचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी बंद होतं. हे असं का होतं ते समजायला जरा मागे जावं लागतं.

कांदा राजकारणात आला १९८० मध्ये. जानेवारीच्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याच्या महागाईचा मुद्दा गाजवला आणि त्या परत सत्तेत आल्या. त्याच वर्षी इकडे उलटी बाजू पेटली, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नाशिक जिल्ह्यात कांदा आणि उसाच्या भावासाठी रास्ता रोको, रेल रोको केला आणि नोव्हेंबरमध्ये खेरवाडीला गोळीबारात दोन शेतकरी गेले. म्हणजे एकाच वर्षात खाणाऱ्याचा रागही दिसला आणि पिकवणाऱ्याचाही. पुढे १९९८ मध्ये कांदा महाग झाला आणि भाजप दिल्लीची विधानसभा निवडणूक हरला, तेव्हापासून कुठल्याही पक्षाचं सरकार असो, कांदा चढायला लागला की पहिला हात निर्यातीवर जातो, कारण ते सगळ्यात सोपं आहे, संसदेत जायला लागत नाही, १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखाली एक अधिसूचना काढली की झालं.

आता प्रश्न पडतो की जागतिक व्यापार संघटना वगैरे आहे ना, मग तिथे हे चालतं कसं? ही संघटना, म्हणजे डब्ल्यूटीओ, १ जानेवारी १९९५ ला सुरू झाली, त्याआधी १९४७ पासून गॅट नावाचा व्यापार करार होता. ह्या नियमांचा बहुतेक जोर आयातीवर आहे, कुठल्या मालावर किती आयात शुल्क लावायचं, कोटा लावायचा नाही, वगैरे. निर्यात थांबवायलाही तत्त्वतः मनाई आहे, पण अन्नधान्याची तीव्र टंचाई असेल तर तात्पुरती बंदी घालता येते अशी सूट गॅटच्या अकराव्या कलमातच आहे. टंचाई म्हणजे किती आणि तात्पुरती म्हणजे किती दिवस हे आकड्यात कुठेच बांधलेलं नाही. त्यामुळे व्यवहारात विकसनशील देशांतली सरकारं ही सूट हवी तशी वापरतात, कांद्याचं आपल्याकडे तेच झालंय.

गेल्या पंधरा वर्षांचं बघा. डिसेंबर २०१० मध्ये बंदी, फेब्रुवारी २०११ मध्ये उठवली. सप्टेंबर २०११ मध्ये परत बंदी, ती मात्र नाशिकमधल्या विरोधामुळे दोन आठवड्यांच्या आत मागे घ्यावी लागली. २०१३ मध्ये सरळ बंदी न घालता किमान निर्यात मूल्य, म्हणजे ज्याच्या खाली बाहेर माल विकता येत नाही तो भाव, वाढवत टनाला ११५० डॉलरपर्यंत नेलं, म्हणजे कागदावर निर्यात चालू पण त्या भावाला घेणार कोण. सप्टेंबर २०१९ मध्ये बंदी, १५ मार्च २०२० पर्यंत. मग जून २०२० मध्ये केंद्राने अध्यादेश काढून कांदा जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या रोजच्या बंधनातून बाहेर काढला, शेतकऱ्याला मोकळीक दिली असं सांगितलं, आणि १४ सप्टेंबरला त्याच कांद्यावर निर्यातबंदी घातली! जेमतेम तीन महिने झाले होते. ज्यांनी त्या घोषणेवर भरवसा ठेवून कांदा साठवायच्या चाळीत माल थांबवला त्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

त्यानंतरचं सगळ्यांना आठवत असेल. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, व्यापाऱ्यांनी लिलाव बंद केले, केंद्राने नाफेड आणि एनसीसीएफ ह्या सहकारी संस्थांमार्फत २४१० रुपये क्विंटलने खरेदी जाहीर केली, ऑक्टोबरअखेर ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, आणि ८ डिसेंबरला पूर्ण बंदी. ही डिसेंबरची तारीख फार वाईट होती. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, तो शेतकरी थांबवू तरी शकतो, पण डिसेंबरात येतो तो लाल कांदा, तो टिकत नाही, काढला की विकायलाच लागतो. चांदवडला हायवे अडवला गेला. बंदी ४ मे २०२४ ला उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्काच्या अटीवर, आणि वीस मे ला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या, आणि त्यात कांद्याचा मोठा वाटा होता असंच इथे सगळे मानतात. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य.

ह्या सगळ्या तारखांमध्ये मजूर कुठेच नाही, म्हणून आता खळ्यावर या. लिलावात घेतलेला माल ट्रॅक्टरमधून व्यापाऱ्याच्या खळ्यावर उतरतो, पत्र्याच्या शेडखाली ढीग लागतो आणि त्याभोवती बाया बसतात. मोठा वेगळा, मध्यम वेगळा, गोल्टी वेगळी, चिंगळी वेगळी, कोंब आलेला, सडका, जोड कांदा बाजूला. हे सगळं हाताने आणि नजरेने, आणि ज्यांनी वर्षानुवर्षं हे केलंय त्यांचा हात इतका बसलेला असतो की न बघता साईज कळतो. वर टरफलांची धूळ उडत असते, डोकं आणि तोंड ओढणीने बांधलेलं, तरी खोकला असतोच. मग गोणी भरून वजन, शिलाई, आणि हमाल ती पाठीवर घेऊन गाडीत थर लावतात. परदेशात जाणाऱ्या मालाला निवड जास्त बारकाईने करायला लागते, म्हणजे त्याच कांद्याला जास्त हात लागतात. म्हणून निर्यात थांबली की नुसता भाव पडत नाही, प्रत्येक टनामागचं कामही कमी होतं. लोकल मार्केटला माल थोडाफार निवडून जातो.

शेतकऱ्याच्या नुकसानीवर निदान चर्चा होते, कधी अनुदान निघतं. २०२३ च्या सुरुवातीला भाव कोसळले तेव्हा राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये जाहीर केले होते. खळ्यावरच्या बाईला असं काही मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तिचं नुकसान मोजायलाच काही कागद नाही, सातबारा नाही, पावती नाही, ती त्या दिवशी आली आणि काम नाही म्हणून परत गेली एवढंच.

तिकडे घेणाऱ्या देशातही मजूरच भरडतो. बांगलादेश हा आपल्या कांद्याचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक होता. ढाक्याच्या गारमेंट इंडस्ट्रीत लाखो बायका शिलाई मशीनवर आहेत, कांदा महागला की झळ त्यांनाही बसते. २०१९ मध्ये आपण बंदी घातली तेव्हा तिथे कांदा किलोला २०० टाकाच्या पुढे गेला, विमानाने मागवायला लागला, आणि तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन स्पष्ट सांगितलं की आधी कळवलं असतं तर आम्ही दुसरी सोय केली असती. मग त्यांनी ती सोय केलीच, पाकिस्तान, चीन, तुर्कस्तान, इजिप्तकडून माल आणला आणि स्वतःचं उत्पादन वाढवलं. एकदा गेलेलं गिऱ्हाईक शुल्क शून्य केल्याने लगेच परत येत नाही, हे इथल्या व्यापाऱ्याला कळतं, दिल्लीला ते कळायला इतकी वर्षं का लागली हे मला खरंच समजत नाही.

द्राक्षाचं थोडक्यात सांगतो कारण तिथे गोष्ट उलटी आहे, अडवणूक आपल्या सरकारची नाही तर घेणाऱ्याची. आयात शुल्कं कमी झाली तसे फळात राहिलेल्या औषधाच्या अंशाचे नियम कडक झाले. २००३ मध्ये युरोपात कीटकनाशकांच्या अंशावरून माल अडकला तेव्हा अपेडाने, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, तपासणीची योजना आणली, तरी २०१० मध्ये क्लोरमेक्वाट नावाच्या वाढ रोखणाऱ्या औषधावरून नाशिकचे कंटेनर पुन्हा अडकले, ते रसायन आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. बागायतदार कर्जात गेले, आणि पेठ, सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडला छाटणी, थिनिंग (मणी विरळ करणं), काढणीला उतरणाऱ्या टोळ्यांचं काम त्यांच्याबरोबर आटलं. एक चांगलं झालं ते पण सांगायला पाहिजे, ग्लोबलगॅपसारख्या, शेती नीट नियमांनी केली असं सांगणाऱ्या सर्टिफिकेटमुळे पॅकहाऊसमध्ये संडास, हात धुवायची सोय, फवारणीवाल्याला मास्क-हातमोजे आले, हे कुठल्या लेबर इन्स्पेक्टरने नाही तर युरोपातल्या सुपरमार्केटच्या अटीने आणलं. मजुरी किती द्यायची हे मात्र ती अट ठरवत नाही.

व्यापार करारातच कामगारांचे हक्क घालावेत अशी मागणी डब्ल्यूटीओच्या १९९६ च्या सिंगापूर परिषदेत अमेरिका आणि काही युरोपीय देशांनी केली होती. भारतासह बऱ्याच विकसनशील देशांनी ती हाणून पाडली, कारण त्याआडून आपला माल अडवतील ही भीती होती आणि ती खोटी नव्हती. विषय आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे ढकलला गेला. पण बाहेरची अट नको म्हणताना घरातली सोय करायची जबाबदारी आपली होती, ती झाली नाही असं माझं मत आहे. महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे, देशात असा कायदा क्वचितच कुठे असेल, त्यात बाजार समितीतला हमाल, मापारी येतो, मजुरीवर मालकाकडून घेतल्या जाणाऱ्या लेव्हीतून त्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी होते. त्या लेव्हीवरूनही वाद आहे, एप्रिल २०२४ मध्ये त्याच वादात जिल्ह्यातले लिलाव बंद पडले होते. खळ्यावर निवडणाऱ्या बहुतेक बायांची मात्र नोंद कुठल्याच मंडळाकडे नाही. ती झाली तर पुढच्या बंदीच्या वेळी बुडालेल्या रोजाची भरपाई मागायला हातात कार्ड तरी असेल, आणि अधिसूचना काढणाऱ्यालाही कळेल की त्या रात्रीत एकट्या निफाड तालुक्यात किती जणींचं काम गेलं.