शाहू (नाव)

शाहू हे नाव इतिहासात मोजक्याच लोकांचं, पण साताऱ्यात राहणाऱ्याच्या कानावर ते रोज पडतं, शाहूपुरी, शाहू कला मंदिर, शाहू स्टेडियम. तरी शाहू कोण असं विचारलं की बरेच जण पटकन कोल्हापूरचे राजर्षी म्हणून मोकळे होतात आणि बॅनरवर फोटोही त्यांचाच लागतो, हे साताऱ्यात तरी व्हायला नको. सातारा वसवणारे शाहू वेगळे, आणि त्यांच्या काळात फोटो नव्हताच. विशेष म्हणजे इथे सांगतोय त्या तिन्ही शाहू छत्रपतींचं पाळण्यातलं नाव शाहू नव्हतं.

थोरले शाहू म्हणजे संभाजी महाराज आणि येसूबाईंचे चिरंजीव, जन्म १८ मे १६८२, माणगावजवळ गांगवलीला, नाव ठेवलेलं आजोबांचं, शिवाजी. १६८९ ला रायगड पडला आणि सात वर्षांचं पोर आईबरोबर मोगलांच्या कैदेत गेलं, पुढची १७-१८ वर्षं छावणीतच वाढलं. औरंगजेब त्यांना साव म्हणायचा, त्यावरून शाहू झालं अशी कथा सांगतात. १७०७ ला सुटले, खेडला चुलती ताराबाईंच्या फौजेला हरवलं आणि १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात राज्याभिषेक झाला. आई मात्र १७१९ पर्यंत कैदेतच. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला त्यांनी शहर वसवलं तेच शाहूनगर. विशीही न गाठलेल्या बाजीरावाला १७२० मध्ये पेशवाई दिली ती यांनीच, माणसाची पारख म्हणतात ती ही. संगम माहुलीला गेलात तर त्यांच्या खंड्या कुत्र्याची समाधी नक्की बघा, दगडात कोरलेला कुत्रा आहे, शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांचा जीव वाचवला असं गावात सांगतात.

दुसरे शाहू वावीच्या भोसल्यांकडचे, मूळ नाव विठोजी, १७७७ ला साताऱ्याच्या गादीवर दत्तक आले, १८०८ ला वारले. सत्ता सगळी पुण्यात पेशव्यांकडे, त्यामुळे त्यांच्या हातात फारसं काही नव्हतं. प्रतापसिंह महाराज हे त्यांचेच चिरंजीव.

तिसरे राजर्षी शाहू (१८७४ ते १९२२), कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, १८८४ ला कोल्हापूरला दत्तक गेले आणि शाहू झाले. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांचं भांडण १७३१ च्या वारणेच्या तहानं मिटलं होतं, त्या कोल्हापूरच्या गादीवर दीडशे वर्षांनी साताऱ्याच्या छत्रपतींचं नाव आलं, मला ही गोष्ट फार मोठी वाटते. २६ जुलै १९०२ ला त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या.

साताऱ्याशीही त्यांचं नातं आहे, ते कर्मवीर भाऊराव पाटलांमुळे. १९२४ मध्ये अण्णांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांना एका पंगतीत जेवू घालणारं वसतिगृह काढलं, १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं, छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस, आणि हे शाहू म्हणजे कोल्हापूरचे. थोरल्या शाहूंच्या शहरात ही पाटी लागली, आणि त्या पोरांच्या जेवणासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं.