क्रायोजेनिक आणि सेमी-क्रायोजेनिक: ‘सेमी’ म्हणजे अर्धवट नव्हे

इस्रोच्या सेमी-क्रायोजेनिक इंजिनाची बातमी आली की एक प्रश्न हमखास येतो. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनावर इस्रोचं जीएसएलव्ही रॉकेट 5 जानेवारी 2014 लाच यशस्वी झालं, मग आता हे अर्धं इंजिन कशाला?

सगळा घोटाळा ‘सेमी’ या शब्दाचा आहे. वर हवा नसते, म्हणून रॉकेट इंधनासोबत ते जाळायला लागणारा ऑक्सिजनही घेऊन जातं. क्रायोजेनिक इंजिनात हे दोन्ही अतिशीत द्रव असतात: हायड्रोजन उणे 253 अंश सेल्सिअसला, ऑक्सिजन उणे 183 अंशांना. सेमी-क्रायोजेनिकमध्ये ऑक्सिजन तोच, पण हायड्रोजनच्या जागी शुद्ध केलेलं रॉकेल. दोनपैकी एकच टाकी अतिशीत, एवढाच त्या ‘सेमी’चा अर्थ.

मग हायड्रोजन सोडून रॉकेल का? किलोमागे मिळणारा जोर पाहिला तर हायड्रोजन कितीतरी सरस आहे. पण तो फार विरळ. घनमीटरभर द्रव हायड्रोजन जेमतेम 71 किलो भरतो, रॉकेल 800 किलोंच्या वर. म्हणजे हायड्रोजनला अवाढव्य टाकी हवी, आणि तिला उष्णतेपासून जपणारं आवरणही. रॉकेटच्या वरच्या टप्प्यात हा व्याप परवडतो, कारण तिथे वाचलेला प्रत्येक किलो उपग्रहाच्या वाट्याला येतो. जमिनीलगत मात्र शेकडो टनांचं धूड ढकलायचं असतं आणि तिथे लागतो निव्वळ रेटा. इस्रोच्या एलव्हीएम-3 या रॉकेटच्या वरच्या टप्प्यातलं सीई-20 हे क्रायोजेनिक इंजिन साधारण 20 टनांचा रेटा देतं. नव्या सेमी-क्रायोजेनिक एसई-2000 चं लक्ष्य आहे 200 टन. ही दोन इंजिनं एकमेकांची स्पर्धक नाहीत, एकाच रॉकेटमध्ये एक खाली आणि एक वर बसणार आहेत.

खर्चाचा प्रश्न इथेच येतो. उड्डाणाच्या एकूण खर्चात इंधनाची किंमत अगदी किरकोळ असते. पैसा जातो तो एकदाच वापरून टाकून द्यायच्या इंजिनांत आणि टाक्यांत. म्हणून एका उड्डाणात किती वजन वर जातं, यावर हिशेब ठरतो. एलव्हीएम-3 संदेशवहन उपग्रहांच्या हस्तांतरण कक्षेत, म्हणजे जिथून उपग्रह स्वतःच्या इंजिनाने अंतिम कक्षेत जातो तिथे, सुमारे 4 टन नेतं. नोव्हेंबर 2024 मध्ये 4,700 किलोंचा जीसॅट-एन2 हा भारतीय संदेशवहन उपग्रह त्याला झेपणारा नव्हता. तो फ्लोरिडातून स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीच्या फाल्कन-9 रॉकेटवर गेला, आणि त्या रॉकेटची इंजिनंही रॉकेल आणि द्रव ऑक्सिजनवरच चालतात! एलव्हीएम-3 च्या मधल्या टप्प्यात आज विषारी इंधनावर चालणारी दोन विकास इंजिनं आहेत. त्या टप्प्याच्या जागी सेमी-क्रायोजेनिक टप्पा आला की क्षमता 5 टनांपर्यंत जाईल. असा उपग्रह मग श्रीहरिकोट्याहूनच जाऊ शकेल.

पुढच्या पिढीच्या रॉकेटसाठी इस्रो मिथेनचं इंजिन घडवत आहे. मिथेन रॉकेलसारखी काजळी धरत नाही, त्यामुळे इंजिन पुन्हा वापरणं सोपं जातं. द्रव मिथेनही उणे 161 अंशांचं असतं, म्हणजे नावाच्या हिशेबाने ते पुन्हा पूर्ण क्रायोजेनिकच.

राहिला अर्धवटपणाचा आरोप. एसई-2000 च्या ज्वलनकक्षात 180 बार दाब असतो, वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ 180 पट. शिवाय त्याच्या टर्बाइनमधून ऑक्सिजनने भरलेला तापलेला वायू जातो, आणि असा वायू धातूलाच पेटवू शकतो. सीई-20 ची रचना या मानाने सोपी आहे. तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला 28 मार्च 2025 रोजी एसई-2000 च्या मुख्य यंत्रणेची, ज्वलनकक्ष वगळून, पहिली यशस्वी ज्वलन चाचणी झाली. ती 2.5 सेकंद चालली. या अडीच सेकंदांमागे कित्येक वर्षांची मेहनत आहे.