सायक्लोन टेलर
टेलर, फ्रेडरिक वेलिंग्टन ऊर्फ ‘सायक्लोन’ (१८८४–१९७९) : आइस हॉकीवर पैसा कमावणाऱ्या पहिल्या पिढीतला कॅनेडियन खेळाडू. जन्म ऑन्टारिओतील तारा गावचा, वाढला लिस्टोवेलमध्ये. टोरोंटोच्या संघात जायला नकार दिल्यामुळे प्रांतीय हौशी संघटनेने त्याला बाहेर ठेवले आणि १९०४-०५ चा हंगाम वाया गेला. कॅनडात तेव्हा हौशीपणाचे सोवळे कडक होते. पैसे द्यायचे ते गुपचूप. मिशिगनमधल्या हॉटन या तांब्याच्या खाणींच्या गावात मात्र उघड पगारी संघ होता. त्या पोर्टेज लेक्स संघातून टेलर १९०६ आणि १९०७ ची लीग जिंकला.

त्या काळी संघात सात खेळाडू असत आणि पुढे पास देण्यास बंदी होती. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, पुढे न्यायचा तर स्वतःच स्केट्सवर पळावे लागे. टेलरच्या वेगाला भाव आला तो यामुळे. कव्हर-पॉइंट ही जागा खरे तर बचावाची, पण तो तिथून पक घेऊन थेट समोरच्या गोलवर धडके.

१९०७ मध्ये ऑटावाने त्याला ओढले ते पगाराइतकेच इमिग्रेशन खात्यातल्या नोकरीचे आमिष दाखवून. ‘सायक्लोन’ हे नाव तिथलेच. गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे यांच्या तोंडून ते निघाले, असे सांगतात. १९०९ मध्ये ऑटावाने स्टॅनली कप हा कॅनेडियन हॉकीतला सर्वोच्च करंडक जिंकला. पाठोपाठ रेनफ्रू या छोट्या गावाच्या धनिक मालकांनी जेमतेम बारा सामन्यांच्या हंगामासाठी त्याला ५,२५० डॉलर दिल्याचे बोलले गेले. कप मात्र रेनफ्रूला मिळाला नाही. उलट्या स्केटिंगने गोल करण्याची त्याची प्रसिद्ध गोष्ट याच काळातली; ती जशीच्या तशी खरी मानू नये.

१९१२ पासून तो व्हँकुव्हर मिलियनेअर्सचा रोव्हर, म्हणजे ठरावीक जागा नसलेला मोकळा खेळाडू, झाला. १९१५ च्या स्टॅनली कपमध्ये या संघाने त्याच्या जुन्या ऑटावाला तिन्ही सामन्यांत हरवले. १९१७-१८ मध्ये त्याने अठरा सामन्यांत ३२ गोल केले.

एवढे होऊनही सरकारी नोकरी त्याने सोडली नाही. मे १९१४ मध्ये ३७६ प्रवासी घेऊन ‘कोमागाता मारू’ व्हँकुव्हरला आली, तेव्हा जहाजावर प्रथम चढलेला इमिग्रेशन अधिकारी टेलरच होता. बहुतेक प्रवासी पंजाबी शीख होते. त्यांतल्या जवळपास सगळ्यांना दोन महिने ताटकळत ठेवून परत पाठवण्यात आले. टेलरच्या हॉकीबद्दल जे लिहिले जाते त्यात हा प्रसंग एखाद्या ओळीत उरकला जातो. १९४६ मध्ये त्याला ब्रिटिश किताब मिळाला तो इमिग्रेशनमधल्या सेवेसाठी. हॉकी हॉल ऑफ फेममध्ये तो त्यानंतर, १९४७ मध्ये गेला.