एका उन्हाळ्यातली दोन बारशी

जानेवारी १९५६. पिट्सबर्गमध्ये हर्बर्ट सायमन यांनी बायको, मुलं आणि काही विद्यार्थी गोळा केले आणि एकेकाच्या हातात कार्ड दिलं. कार्डावर लिहिलंय तेवढंच करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. अशी ही माणसं मिळून एक प्रोग्रॅम झाली आणि तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करू लागली. ॲलन न्यूवेल आणि क्लिफ शॉ यांच्यासोबत रचलेला हा ‘लॉजिक थिअरिस्ट’ पुढे खऱ्या संगणकावर चालला. गणिताचा पाया तर्कशास्त्रावर रचू पाहणाऱ्या रसेल-व्हाइटहेड यांच्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ या ग्रंथातल्या एका प्रकरणातल्या पहिल्या ५२ प्रमेयांपैकी ३८ त्याने सोडवली.

याचं महत्त्व कळायला आधीची चाळीसेक वर्षं पाहावी लागतात. १९१३मध्ये जॉन वॉटसन यांनी मानसशास्त्रातून ‘मन’च हद्दपार करायला निघालेला वर्तनवाद मांडला. उद्दीपक मोजा, प्रतिसाद मोजा. मधे काय घडतं ते विचारू नका. अमेरिकी विद्यापीठांत या मताचा इतका दरारा होता की स्मृती, हेतू, कल्पना हे शब्द काढणारा भोंगळ ठरे. संगणक आला आणि अडचण वर्तनवाद्यांचीच झाली. लोखंडी कपाटाला स्मृती असते, उद्दिष्ट देता येतं, आणि त्यात गूढ काहीच नाही. मग माणसाबद्दल तसं बोलायला हरकत कसली? माझ्या मते संगणकाने मानसशास्त्राला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, बोलायची मुभा.

त्याच वर्षी उन्हाळ्यात डार्टमथ कॉलेजात जॉन मॅकार्थी, मार्विन मिन्स्की, क्लॉड शॅनन आणि नॅथॅनिएल रॉचेस्टर यांनी बैठक भरवली. रॉकफेलर फाउंडेशनकडे १३,५०० डॉलर मागितले होते, मिळाले ७,५००. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव या बैठकीच्या प्रस्तावातलं. ते निवडताना नॉर्बर्ट वीनर यांच्या ‘सायबरनेटिक्स’पासून, म्हणजे यंत्रं आणि सजीव यांतलं नियंत्रण नि संदेशवहन एकत्र अभ्यासणाऱ्या शास्त्रापासून, लांब राहायचं होतं, हे मॅकार्थींनीच पुढे कबूल केलं. म्हणजे बारशातही भाऊबंदकी होतीच.

मग ११ सप्टेंबरला एमआयटीत माहिती-सिद्धांताच्या परिसंवादात एकाच दिवशी न्यूवेल-सायमन यांनी आपला प्रोग्रॅम मांडला, नोम चॉम्स्कींनी भाषेच्या व्याकरणाची तीन प्रारूपं मांडली आणि जॉर्ज मिलर मानवी स्मृतीवर बोलले. माणूस एका वेळी साधारण सातच गोष्टी ध्यानात धरू शकतो, हा मिलर यांचा प्रसिद्ध निबंध त्याच वर्षीचा. मन माहिती कशी हाताळतं ते शोधणाऱ्या बोधनिक विज्ञानाचा, म्हणजे कॉग्निटिव्ह सायन्सचा, जन्मदिवस म्हणून मिलर हीच तारीख सांगत.

दोन्हीकडे हजर असलेल्या न्यूवेल-सायमन यांची श्रद्धा अशी की विचार म्हणजे नियमांनी चिन्हं हलवणं. दहा वर्षांत संगणक बुद्धिबळाचा जगज्जेता होईल, हे त्यांचं १९५७च्या सुमाराचं भाकीत. त्याला १९९७ उजाडलं.

दुसरी वाट मेंदूच्या पेशींची. तिची सुरुवात खरं तर जुनी. वॉरन मॅककलक आणि वॉल्टर पिट्स यांनी १९४३मध्येच चेतापेशीचं गणिती रूप मांडलं होतं. १९५८मध्ये फ्रँक रोझेनब्लाट यांनी ‘परसेप्ट्रॉन’, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं कृत्रिम चेतापेशींचं जाळं, पुढे आणला. रोझेनब्लाट पेशाने मानसशास्त्रज्ञ, आणि गंमत म्हणजे मिन्स्कींच्याच ब्रॉन्क्समधल्या शाळेतले. १९६९मध्ये मिन्स्की आणि सेमूर पॅपर्ट यांनी या यंत्राच्या गणिती मर्यादा दाखवणारं पुस्तक लिहिलं. एकच थर असलेल्या जाळ्याबद्दलचं ते म्हणणं बरोबरच होतं, पण पुढे कित्येक वर्षं सगळीच जाळी कुचकामी, असाच त्याचा अर्थ लावला गेला. रोझेनब्लाट १९७१मध्ये बोटीच्या अपघातात गेले.

अनेक थरांच्या जाळ्याला चुकांवरून शिकवायची रीत १९८६मध्ये ‘नेचर’मधल्या लेखाने सर्वतोमुखी केली. चॅटजीपीटीसारख्या आजच्या भाषा-प्रारूपांच्या मुळाशी तीच रीत आहे. लेखकांत पहिलं नाव डेव्हिड रुमेलहार्ट यांचं, तेही मानसशास्त्रज्ञ. दुसरे जेफ्री हिंटन. केंब्रिजची त्यांची पदवी प्रायोगिक मानसशास्त्रातली. २०२४मध्ये हिंटन यांना नोबेल मिळालं, ते पदार्थविज्ञानाचं. रुमेलहार्ट २०११मध्येच वारले होते.