विलो खलनायिका झाली ती दुःखाने की व्यसनाने?

'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' ही अमेरिकी मालिका १९९७ मध्ये सुरू झाली, तेव्हा विलो रोझेनबर्ग ही सनीडेल गावातल्या शाळेतली लाजाळू, अभ्यासू, कॉम्प्युटरवर रमणारी मुलगी होती. नायिका बफीची जिवाभावाची मैत्रीण. ॲलिसन हॅनिगनने ती अशी उभी केली की प्रेक्षकांना ती आपल्या घरातली वाटायची. पुढे विलो जादू शिकते, कॉलेजात तिला टारा भेटते, दोघी प्रेमात पडतात. सहाव्या सीझनमध्ये मात्र जादू तिच्या हाताबाहेर जाते. पार्टीची सजावट करायला मंत्र, आणि टाराशी झालेलं भांडण टाराच्याच आठवणीतून पुसून टाकायलाही मंत्र. टारा घर सोडून जाते. विलो जादूचा अड्डा चालवणाऱ्या रॅककडे जाऊ लागते, त्या नशेत गाडी पळवताना अपघात करते, बफीची धाकटी बहीण जखमी होते. मग हादरून विलो जादू सोडते आणि पुढचे काही महिने ते पाळतेही. टारा परत येते. ७ मे २००२ रोजी दाखवलेल्या भागात बफीचा शत्रू वॉरन याने तिच्यावर झाडलेली एक गोळी भरकटून खिडकीतून आत येते आणि टारा मरते. विलो काळ्या जादूची पुस्तकं अंगात शोषून घेते, तिचे तांबडे केस काळे होतात, ती वॉरनची कातडी सोलून त्याला मारते आणि अखेर अख्खं जग संपवायला निघते.

यावर चाहत्यांचा वाद वीस वर्षं उलटून गेली तरी मिटलेला नाही. अनेकांचं म्हणणं असं, की लेखकांनी दोन कथा एकमेकींवर लादल्या. आधी व्यसनाची कथा सांगितली, ती अर्धवट सोडली आणि मग विरहाची कथा सुरू केली. दुःखाने वेडी झालेली बाई दाखवायची होती तर आधीच्या व्यसनाचं प्रयोजन काय? मला हा आक्षेप मुळातच चुकीचा वाटतो. विरह आणि व्यसन मेंदूत शेजारी राहतात. काही ठिकाणी तर दोघांची चूल एकच आहे. ती नेमकी कुठे आहे, हे शोधून काढणारे प्रयोग मला फार आवडतात आणि या लेखाचं निमित्तही तेच आहेत.

आधी एक गैरसमज दूर करू. व्यसनी माणूस मजेसाठी नशा करतो, असं सर्रास समजलं जातं. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी उंदरांच्या मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी विष घालून जवळजवळ नष्ट केल्या. हे उंदीर समोरच्या अन्नाकडे वळेनासे झाले, भरवलं नसतं तर उपाशी मेले असते. पण त्यांच्या तोंडात साखरेचं पाणी सोडलं की ते धडधाकट उंदरांसारखेच मिटक्या मारत. म्हणजे गोडी शाबूत होती, ओढ संपली होती. डोपामिन हे ओढीचं रसायन आहे. १९९३ मध्ये बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी यावर व्यसनाचा सिद्धांत मांडला. नशेचे पदार्थ वारंवार घेतल्याने ओढीची यंत्रणा जास्त जास्त संवेदनशील होत जाते, गोडी मात्र वाढत नाही, उलट कमीही होऊ शकते. सहाव्या सीझनच्या शेवटची विलो आठवा. एवढी अफाट शक्ती अंगात आली तरी तिच्या चेहऱ्यावर सुखाचा मागमूस नाही. एवढ्यापुरते लेखक अगदी बरोबर होते.

आता विरहाकडे वळू. उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात प्रेअरी व्होल नावाचा आखूड शेपटीचा, उंदरासारखा प्राणी राहतो. सस्तन प्राण्यांत जोडीने राहणाऱ्या जाती फार थोड्या, त्यातली ही एक. नर-मादी एकदा जोडीला लागले की एकमेकांना बिलगून राहतात, पिल्लं मिळून वाढवतात. ही जोडी जमते ती मेंदूच्या न्यूक्लियस अक्युम्बेन्स या भागात, ऑक्सिटोसिन आणि डोपामिन यांच्या संगनमताने. कोकेन आणि हेरॉइन जिथे आपला पगडा बसवतात, तोच हा भाग. जोडीदाराची ओढ आणि नशेची ओढ इथे एकाच पेशीसमूहात वावरतात.

पण मला त्याहून जास्त ओढून घेतो तो २००९ मधला एक प्रयोग. ऑलिव्हर बॉश, लॅरी यंग आणि सहकाऱ्यांनी काही नर व्होल माद्यांसोबत ठेवले आणि काही आपल्या भावासोबत. काही दिवसांनी दोन्ही गटांतल्या निम्म्या नरांची ताटातूट केली आणि त्यांना पाण्यात सोडून पाहिलं. भावापासून तुटलेला नर नेटाने पोहत राहिला. जोडीदारापासून तुटलेला नर हार मानल्यासारखा, हातपाय न मारता नुसता तरंगत राहिला.

हे घडवून आणणारं रसायन म्हणजे सीआरएफ, कॉर्टिकोट्रॉपिन रिलीजिंग फॅक्टर. ४१ अमिनो आम्लांची ही छोटी साखळी १९८१ मध्ये वायली व्हेल यांच्या गटाने मेंढ्यांच्या मेंदूतून वेगळी काढली. संकट आलं की हायपोथॅलॅमसमधून सीआरएफ सुटतं, त्याने पिट्यूटरी जागी होते, तिच्या हुकमाने मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. शाळेत आपण शिकतो ती ताणाची साखळी हीच. पण सीआरएफ हायपोथॅलॅमसबाहेरही असतं आणि तिथे ते संप्रेरकांच्या भानगडीत न पडता थेट मज्जापेशींशी बोलतं. बॉश यांनी सीआरएफला अडवणारं औषध व्होलच्या मेंदूत सोडलं, तेव्हा ताटातूट झालेले नरही इतरांसारखे पोहू लागले.

खरी चकित करणारी गोष्ट पुढे आहे. सीआरएफ बनवण्याचा संदेश मेंदूच्या बीएनएसटी या छोट्या भागात वाढलेला दिसला. (पूर्ण नाव बेड न्यूक्लियस ऑफ द स्ट्रिया टर्मिनॅलिस. धोका टळला तरी न मावळणाऱ्या धास्तीशी या भागाचा संबंध आहे.) पण तो फक्त ताटातूट झालेल्या नरांत वाढला नव्हता. जोडीदारासोबत सुखाने राहणाऱ्या नरांतही तो तेवढाच वाढलेला होता! भावासोबत राहणाऱ्यांत तसं काही नव्हतं. म्हणजे जोडी जमते त्याच दिवसांत विरहाचं रसायन साठवायला सुरुवात होते. जोडीदार जवळ आहे तोवर ते नुसतं भरलेलं असतं. तो गेला की सुटतं.

आता दुसऱ्या बाजूने याच बीएनएसटीकडे येऊ. इथे थोडी वाट अवघड आहे, पण सोडू नका. कॅनडात माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात जेन स्टुअर्ट आणि यावीन शाहम यांनी उंदरांना कळ दाबून हेरॉइन घ्यायला शिकवलं. मग कळ दाबली तरी हेरॉइन येईना असं केलं. हळूहळू उंदरांनी कळीचा नाद सोडला. अशा सुटलेल्या उंदराच्या पायाला सौम्य विजेचा झटका दिला, की तो पुन्हा कळीकडे धावायचा. १९९५ मध्ये त्यांनी दाखवलं, की या कामी असा झटका हेरॉइनच्या एखाद्या डोसपेक्षाही प्रभावी ठरू शकतो. पुढे सुझन अर्ब आणि स्टुअर्ट यांनी कोकेनची सवय लागलेल्या उंदरांत सीआरएफला अडवणारं औषध वेगवेगळ्या जागी सोडून पाहिलं. भीतीशी जोडलेल्या ॲमिग्डाला या भागात सोडून उपयोग झाला नाही. बीएनएसटीत सोडलं तेव्हा झटका बसूनही उंदीर कळीकडे गेले नाहीत. नंतर असंही दिसलं, की ॲमिग्डालाच्या मध्यभागातून बीएनएसटीकडे जाणाऱ्या तंतूंमधून हे सीआरएफ येतं. एका बाजूला तुटलेली जोडी, दुसऱ्या बाजूला सुटलेलं व्यसन, आणि मधे तेच रसायन, मेंदूचा तोच कोपरा.

२००१ मध्ये शाहम यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. कोकेन बंद केल्यावर त्याच्या खाणाखुणा पाहून उठणारी उंदरांची तलफ दिवसांगणिक ओसरत नाही. पहिल्या दोन महिन्यांत ती वाढत जाते.

हे सगळं विलोवर ठेवून पाहा. तिने जादू सोडली त्याला काही महिने झालेत. बाहेरून ती सावरलेली दिसते. टारा परत आल्याने जोडी पुन्हा जमलेली आहे. त्यात एक जुना धागाही आहे, जो वादात फारसा कुणी काढत नाही. वर्षभर आधी, पाचव्या सीझनमध्ये, ग्लोरी नावाच्या देवतेने टाराचं मन उद्ध्वस्त केलं होतं, तेव्हा विलो काळ्या जादूचं पुस्तक घेऊन एकटी सूड घ्यायला गेली होती. टारा दुखावली की काळी जादू, हा दुवा तिच्या मेंदूत तेव्हाच पक्का झाला. मे २००२ मध्ये टारा मेली, तेव्हा विलो दुसरीकडे कुठे जाणार होती? आधीची व्यसनाची कथा नसती, तर टाराच्या मृत्यूनंतर विलो रडली असती, कोसळली असती. जग संपवायला निघाली नसती.

माणसांबद्दलही थोडा पुरावा आहे, पण तो बेताने वापरायला हवा. मेरी-फ्रान्सिस ओकॉनर यांनी २००८ मध्ये २३ स्त्रियांचे मेंदू स्कॅन केले. सगळ्यांची आई किंवा बहीण स्तनाच्या कर्करोगाने गेली होती. ज्यांचं दुःख दीर्घकाळ रेंगाळून घट्ट झालं होतं, त्यांनी गेलेल्या व्यक्तीचा फोटो पाहिला की न्यूक्लियस अक्युम्बेन्स उजळत होता, आणि ओढ जितकी जास्त तितका जास्त. बाकीच्यांत तसं दिसलं नाही. गट लहान होता. शिवाय यावरून 'दुःख हेच व्यसन' असं म्हणता येत नाही. सूडाचंही थोडं तसंच. २००४ मध्ये झुरिचच्या संशोधकांनी दाखवलं, की पैशांच्या खेळात फसवणाऱ्याला शिक्षा करताना मेंदूतला कॉडेट हा ओढीच्या यंत्रणेचा भाग जागा होतो, स्वतःचे पैसे खर्च करावे लागले तरीही. खेळातला दंड आणि वॉरनची कातडी सोलणं यांत मोठं अंतर आहे, हे मला मान्य आहे.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. हे शास्त्र हाताशी आलं की दोन प्रकारचे लोक लगेच दुकान मांडतात. एक 'डोपामिन डिटॉक्स' विकणारे. डोपामिन हे विष नाही, ते संपलं तर बेरिजच्या उंदरासारखं ताटातलं अन्नही आपण खाणार नाही. दुसरे आपल्याकडचे, 'कुणीतरी करणी केली म्हणून तो पितोय' असं सांगून घरच्यांकडून पैसे काढणारे आणि नकळत दारू सोडवणारी पुडी देणारे. नवरा गेल्यावर पिऊ लागलेल्या बाईवर किंवा मूल गमावलेल्या बापावर करणी झालेली नसते. त्यांच्या मेंदूत सीआरएफ सुटलेलं असू शकतं आणि त्यांना माणसांची व उपचारांची गरज असते. आणि बहुतेक शोकग्रस्त माणसं कुणालाही इजा करत नाहीत, बहुतेक व्यसनीही नाहीत. विलो ही मालिकेतली गोष्ट आहे.

सीआरएफ अडवणारी गोळी बाजारात का नाही, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. प्रयत्न झाले. पेक्सासरफाँट आणि व्हेरुसरफाँट ही औषधं दारूचं व्यसन आणि सोबत चिंता असलेल्या माणसांना देऊन पाहिली. तलफ कमी झाली नाही. उंदरांत इतका स्पष्ट दिसणारा परिणाम माणसांत का उतरला नाही, यावर अजून काम चालू आहे.

मालिकेत विलोला थांबवते ती जादू नाही आणि शस्त्रही नाही. बालवाडीपासूनचा मित्र झँडर तिच्यासमोर उभा राहतो, तिने बालवाडीत मोडलेल्या पिवळ्या खडूची आठवण काढतो, ती त्याला जखमी करत असतानाही 'तू मला प्रिय आहेस' म्हणत राहतो. अनेकांना हा शेवट भाबडा वाटला. मला वाटला नाही. २०१८ मध्ये मार्को व्हेनिरो, शाहम आणि सहकाऱ्यांनी मेथाम्फेटामिनची सवय लागलेल्या उंदरांपुढे दोन कळी ठेवल्या. एकीने नशा मिळे, दुसरीने दार उघडून सोबती उंदीर. व्यसनाच्या सगळ्या कसोट्यांना उतरलेले उंदीरसुद्धा जवळजवळ नेहमी सोबती निवडत होते. सोबती निवडून नशेपासून दूर राहिलेल्या उंदरांत तलफ वाढत जाण्याचा तो प्रकारही दिसला नाही. मात्र कळ दाबल्यावर सोबत्याचं दार उशिरा उघडू लागलं, किंवा सोबत्याकडे जाताना झटका बसू लागला, की तेच उंदीर नशेच्या कळीकडे परत गेले.