मधमाशी की गांधीलमाशी? आधी बोटाकडे बघा

मागच्या उन्हाळ्यात बडोद्याच्या कमाटी बागेत बसलो होतो. भाचीने बाकाखाली हात घातला आणि एकदम किंचाळली, "मधमाशी चावली!" क्षणात माणसं जमली. सासूबाईंनी पर्समधून कपाटाची किल्ली काढली, "लोखंड घास, लगेच." पलीकडच्या बाकावरच्या बेन म्हणाल्या, "भमरी छे, चूनो लगाडो." शेंगावाल्याने कांदा चोळायला सांगितला. सगळ्यांचा जीव तळमळत होता, पण पोरीच्या बोटाकडे नीट कुणी पाहिलंच नव्हतं. मी पाहिलं, तर नुसता लाल ठिपका. काटा कुठेच नाही. बाकाखाली वाकले, तर करड्या कागदाच्या छत्रीसारखं छोटंसं पोळं देठावर लटकत होतं. बेनचं बरोबर होतं. ती भमरी, म्हणजे आपली गांधीलमाशी.

दोघींना पिवळे-काळे पट्टे असतात, दोघी हलवायाच्या जिलबीवर घोंघावतात, म्हणून गल्लत होते. पण एकदा नजर बसली की फरक लांबूनही कळतो. मधमाशी अंगाने केसाळ, मळकट तपकिरी. गांधीलमाशी गुळगुळीत, चकचकीत, कंबर दोऱ्याएवढी बारीक, आणि उडताना मागचे पाय खाली लोंबतात. मधमाशीचं पोळं मेणाचं. गांधीलमाशी लाकूड कुरतडून, चावून त्याचा लगदा करते आणि कागदासारखं घर बांधते. बडोद्यातल्या जुन्या वाड्यांच्या पाटणीला, गच्चीच्या कठड्याखाली, बंद पडलेल्या कूलरमध्ये ती हमखास सापडते.

खरा फरक नांगीत आहे. मधमाशीच्या नांगीला मागे वळलेले दाते असतात, त्यामुळे ती आपल्या कातडीत अडकते, उपटली जाते आणि माशी मरते. गांधीलमाशीची नांगी जवळजवळ गुळगुळीत असते. ती एकदा टोचून काढते आणि पुन्हा टोचू शकते. त्यामुळे मधमाशी चावली की जखमेत काम बाकी असतं. गांधीलमाशी चावली की आधी तिथून दूर व्हायचं.

हे मला आईच्या मानेवर प्रत्यक्ष दिसलं. दांडिया बाजारातल्या घराच्या गच्चीवर ती पापड वाळत घालत होती आणि अंबाड्यात मधमाशी अडकली. मी केस बाजूला केले, तर कातडीत काळी बारीक कुसळ रुतलेली आणि तिच्या टोकाला पांढुरकी इवलीशी पिशवी. माशी खाली मरून पडली होती, तरी ती पिशवी आपली आपण आकसत होती, विष आत ढकलत होती. मी चिमटा शोधायला खाली पळाले. तिथेच चुकले. पिशवीतलं ९० टक्के विष पहिल्या २० सेकंदांत आत गेलेलं असतं, आणि चिमटा सापडेपर्यंत दोन मिनिटं गेली होती.

"नांगी चिमटीत धरू नका, पिशवी दाबली जाते, कार्डाने खरवडून काढा" असं आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. १९९६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात हे तपासलं गेलं. चिमटीने काढा किंवा खरवडून काढा, गांध तेवढीच उठली. उशीर झाला तसतशी मात्र ती वाढत गेली. तेव्हा नखाने, बोटाने, जमेल तसं, पण ताबडतोब काढा. मग जागा साबणाने धुवा. अडकलेल्या नांगीतून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो बाकीच्या माश्यांना हल्ल्यासाठी बोलावतो. आग्यामोहोळ जवळ असेल तर तोंड झाकून सरळ बंद खोलीत किंवा गाडीत पळा. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर घिरट्या घालत थांबतात.

आता उपचार. "मधमाशीचं विष आम्ल, म्हणून खाण्याचा सोडा, गांधीलमाशीचं अल्कली, म्हणून व्हिनेगर किंवा लिंबू," हा हिशेब ऐकायला पटतो, पण चालत नाही. विष कातडीच्या खाली गेलेलं असतं, वर लावलेलं तिथवर पोचत नाही. शिवाय आग आम्ल-अल्कलीमुळे होत नाही; मधमाशीच्या विषात मुख्यतः मेलिटिन नावाचं प्रथिन असतं, ते पेशींची आवरणं फोडतं. सोड्याने अपाय नाही, एवढंच. चुन्याने कातडी भाजते. ओल्या मातीने धनुर्वाताचा धोका. किल्लीचा गारवा बरा वाटतो, पण घासल्याने कातडी सोलवटते.

दोन्ही माश्यांना खरा उपयोगी पडतो तो फडक्यात गुंडाळलेला बर्फ, दहा-पंधरा मिनिटं. चावा हातावर असेल तर अंगठी, बांगड्या लगेच काढा. सूज आली की निघत नाहीत. ठणक्याला पॅरासिटामॉल, खाजेला सेटिरिझिन. दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर घाबरू नका, तसं होतं. भाचीचं बोट दुसऱ्या दिवशी वांग्यासारखं फुगलं आणि चार दिवसांत उतरलं.

घाबरायचं कधी, हे मात्र घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. चावा बोटाला आणि गांधी अंगभर, ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास अडकला, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती ॲलर्जी. ती बहुधा काही मिनिटांत सुरू होते. अशा वेळी सेटिरिझिनवर भिस्त ठेवू नका. मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं. १०८ ला फोन करा, माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर टेकून बसवा. उठवून चालवू नका. तोंडात किंवा घशात चावली असेल, किंवा एकाच वेळी पुष्कळ माश्या चावल्या असतील, तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा.

आणि डॉक्टरांना कुठली माशी ते नक्की सांगा. दोघींच्या विषातली ॲलर्जी आणणारी प्रथिनं बरीचशी वेगळी असतात. पुढे तपासणी आणि ॲलर्जीची लस ठरवताना हेच विचारतात. माशी दिसली नसेल तर नांगी निघाली होती का, पोळं मेणाचं होतं की कागदासारखं, एवढं आठवलं तरी त्यांना धागा मिळतो.